डोंगराचा सर्वे नंबर

गोव्याच्या राजपत्रातली नोंद जेमतेम दोन ओळींची होती. अर्जदाराचं नाव, गाव, तालुका, सर्वे नंबर, क्षेत्रफळ ४०,००० चौरस मीटर, सध्याचा झोन 'ऑर्चर्ड व नो डेव्हलपमेंट स्लोप', मागितलेला झोन 'सेटलमेंट', म्हणजे घरबांधणीला मोकळा. कुणाला काही म्हणायचं असेल तर ३० दिवसांत लेखी कळवावं. आमच्या गावामागच्या डोंगराची पूर्वेकडची अख्खी उतरण त्या एका नोंदीत आली होती. डोंगराचं नाव तिथे नव्हतं, झरीचं नव्हतं, खालच्या शेतांचं नव्हतं. नोटीस तुकड्याची निघते आणि उत्तरही त्या तुकड्यावर बोट ठेवून द्यावं लागतं, हे पुढच्या महिन्यात मला पुरतं समजलं. ते सविस्तर लिहिते आहे, कारण अशा नोटिसा आमच्या एका गावापुरत्या राहिलेल्या नाहीत.

आमचं गाव बार्देशात, म्हापशाच्या शेजारी. मी म्हापशातच हायस्कूलमध्ये शिकवते. घरची थोडी शेती आहे. पावसाळ्यात सरदाचं भात पिकतं, आणि झरीचं पाणी पाटानं खाली येतं म्हणून हिवाळ्यात वायंगणाचं दुसरं पीकही होतं. म्हापसा पसरत पसरत आमच्या वेशीपर्यंत आलं आहे. रस्त्याच्या एका अंगाला दुकानं आणि इमारती, दुसऱ्या अंगाला भातशेती, तिच्यामागे माडांचं भाट, त्यामागे काजूचा डोंगर आणि सगळ्यात वर उघडा सडा, म्हणजे कातळाचं पठार. शहर आणि गाव यांच्यामधली हीच काय ती मोकळी पट्टी उरली आहे.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं मागे जायला हवं. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. एवढ्या जागेत कुठे बांधता येईल आणि कुठे नाही, हे प्रादेशिक आराखडा ठरवतो. २०११ चा म्हणून ओळखला जाणारा आराखडा २००६ साली अधिसूचित झाला, तेव्हा किती डोंगर, किती शेतं त्यात बांधकामाला मोकळी झाली आहेत ते नकाशे बघून लोकांच्या लक्षात आलं. गोवा बचाव अभियान उभं राहिलं, गावोगाव सभा झाल्या, आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारनं तो आराखडा मागे घेतला. त्यानंतर २०२१ चा आराखडा झाला. त्याचे नकाशे पंचायतींकडे आले, गावांनी सूचना केल्या. त्यात जमिनीचे दोन पर्यावरणीय गट केले. जंगल, खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेती), भातशेती आणि २५ टक्क्यांहून जास्त उतार पहिल्या गटात गेले. काजू-माडाच्या बागायती आणि नैसर्गिक आच्छादन दुसऱ्या गटात. आमचा डोंगर ह्या दोन्ही गटांत विभागला गेला. खालचा भाग बागायतीत, वरचा उतार 'नो डेव्हलपमेंट स्लोप'मध्ये. आम्हाला वाटलं, डोंगराचा प्रश्न मिटला.

सगळा आराखडा एका दमात फिरवायचा म्हटलं तर गोव्यात काय होतं, हे २००७ नं दाखवून दिलेलंच आहे. तुकड्यांचं तसं होत नाही. नगर व ग्राम नियोजन कायद्यात २०२३ मध्ये कलम १७ (२) आलं. आराखड्यात अनवधानानं राहिलेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी. २०२४ मध्ये ३९अ आलं. त्याखाली जमिनीचा झोन बदलून मागता येतो, प्रस्ताव राजपत्रात येतो, ३० दिवस सूचना मागवतात आणि मग नगर नियोजन मंडळ निर्णय घेतं. प्रत्येक प्रस्ताव सुटा बघितला तर लहान वाटतो. गावाला एवढ्याशा तुकड्यासाठी रस्त्यावर उतरावंसं वाटत नाही, आणि शेजारच्या गावाला तर पत्ताही लागत नाही. माझा ह्या पद्धतीला मुळापासून विरोध आहे. डोंगर, झर, पाट, शेत हे सगळं एकाच पाण्यावर चालतं, आणि त्यातल्या एका सर्वे नंबरचा निर्णय बाकीच्यांना वगळून घ्यायचा, हे नियोजन नव्हे.

नोटीस २०२५ च्या फेब्रुवारीअखेर निघाली. वाड्यावरच्या एका तरुणानं ती पाहिली आणि रात्री आठ-दहा जणांना पाठवली. दुसऱ्या संध्याकाळी देवळाच्या मंडपात बसलो. पहिलं पत्र अर्ध्या तासात तयार झालं. डोंगर वाचवा, पुढच्या पिढीचा विचार करा, गोव्याची ओळख जपा. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण म्हापशातल्या एका वकीलबाईंना दाखवलं तेव्हा त्यांनी ते शांतपणे वाचून परत दिलं. "टीचर, हे पत्र गोव्यातल्या कुठल्याही डोंगराला लागू पडतं," त्या म्हणाल्या. "मंडळापुढे हा एक सर्वे नंबर आहे. ह्या सर्वे नंबरात उतार किती, पाणी कुठे, रस्ता किती रुंद, घरं किती होणार, ते लिहा. उद्या कोर्टात जायची वेळ आली तर तिथेही हेच लागेल. आधी लिहिलेलं नसेल तर नंतर उपयोग नाही."

तिथून खरं काम सुरू झालं.

आधी कागद. एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या मालकीची नोंद) आणि सर्वेचा नकाशा काढला, आराखड्याच्या नकाशावर तो तुकडा ठेवून पाहिला. वरचा निम्म्याहून जास्त भाग सरळसरळ 'नो डेव्हलपमेंट स्लोप'मध्ये पडत होता. पण उतार सिद्ध कसा करायचा? सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशावर उंचीच्या रेषा वीस-वीस मीटरच्या अंतरानं असतात, त्यावरून अख्ख्या डोंगराचा अंदाज येतो, तुकड्याचा नीट येत नाही. तज्ज्ञांकडून मोजणी करून घ्यायला पैसे होते, वेळ नव्हता. तेव्हा वाड्यावरचे एक गवंडी पुढे आले. घराचा चौथरा सारखा करताना ते वापरतात ती पारदर्शक नळी त्यांनी आणली, पाणी भरलं, बुडबुडे काढले. दोन बांबूंवर सेंटिमीटरच्या खुणा केल्या. एक माणूस खाली, एक वर, मध्ये ताणलेली चार मीटरची सुतळी. नळीच्या दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीला थांबलं की वरच्या आणि खालच्या बांबूवरचे आकडे वाचायचे. चार मीटर आडव्या अंतरात एक मीटर चढ म्हणजे २५ टक्के.

त्या सकाळी आम्ही उतरणीवर खालपासून वरपर्यंत ठरावीक अंतरावर मापं घेतली. खालच्या काजूंमध्ये दोन ठिकाणी चढ मीटरच्या आत आला. ती मापंही आम्ही लिहिली, लपवली नाहीत. वर मात्र १.२० मीटर, १.३५, १.६०. म्हणजे ३० ते ४० टक्के उतार. प्रत्येक ठिकाणी बांबूवरचा आकडा दिसेल असा फोटो काढला, फोनवर जागेचे अक्षांश-रेखांश घेतले. गवंडीकाकांना मी विचारलं, उद्या इथे बांधकाम आलं तर तुम्हालाच काम मिळेल ना? ते म्हणाले, "मिळेल, आणि मी जाईनही. पण माप आहे ते आहे. आणि ही माती मला माहीत आहे, पायथा कापला तर वरचं राहणार नाही."

मातीबद्दल ते म्हणाले ते आमच्या भागात सगळ्याच जुन्या माणसांना ठाऊक असतं. वर चिऱ्याचा दगड, त्याच्या खाली शेडी, म्हणजे चिकट माती. चिरा सच्छिद्र असतो, पावसाचं पाणी त्यातून झिरपत जातं आणि शेडीच्या चिकट थरावर अडतं. मग ते डोंगराच्या कुशीतून झर होऊन बाहेर येतं. सड्यावर फरशी घातली तर पाणी आत जाणार नाही. उतार कापला तर शेडी उघडी पडते आणि पावसात भिजली की घसरते. २०२४ च्या जुलैत वायनाडला डोंगर खाली आला, तेव्हापासून आमच्या गावातही लोक पावसाळ्यात ह्या उतरणीकडे वेगळ्या नजरेनं बघू लागले आहेत. तिथली आणि इथली परिस्थिती सारखी आहे असं मी म्हणणार नाही. पण उतार, पाणी आणि कापणी ह्या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होऊ शकतं, ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

मग झर. सगळ्यांना ती माहीत, पण कुठल्याच कागदावर तिची नोंद नव्हती. आराखड्याच्या नकाशावरही ती जागा कोरी. मार्चचा पहिला आठवडा होता, झरीचं पाणी कमी होऊ लागलं होतं. पाटाच्या तोंडाशी केळीचं सोपट लावून सगळी धार एका वीस लिटरच्या बादलीत घेतली. बादली भरायला ५० सेकंद लागले. पुन्हा मोजलं, तेवढेच. म्हणजे दिवसाला साधारण ३४,५०० लिटर, तेही वर्षातल्या बऱ्याच आटत्या काळात. ह्या पाण्यावर वायंगणाची शेतं, दोन कुळागरं (माड-सुपारीच्या बागा) आणि वाड्यावरच्या विहिरींची पातळी अवलंबून आहे. कुणाचं किती शेत, कुठल्या सर्वे नंबरात, पाणी कुठून वळतं, ह्याची यादी वाड्यावरच्या बायकांनी केली. पाट कधी कुणाच्या शेतात सोडायचा हे त्याच वर्षानुवर्षं ठरवतात, त्यामुळे नकाशा त्यांच्या तोंडीच होता. मी फक्त तो काढून घेतला.

उरला हिशेब. सेटलमेंट झोन झाल्यावर आमच्यासारख्या गावात ६० टक्के एफएआर (जमिनीच्या क्षेत्रफळाच्या तुलनेत किती बांधता येतं ते प्रमाण) धरला तरी ४०,००० चौरस मीटरवर २४,००० चौरस मीटर बांधकाम होतं. एका सदनिकेला जिने-व्हरांडे धरून १२० चौरस मीटर पकडले तर २०० सदनिका. घरटी चार माणसं आणि माणशी रोज १३५ लिटर, जे शहरी पाणीपुरवठ्याचं नेहमीचं प्रमाण आहे, म्हणजे दिवसाला १,०८,००० लिटर. झरीच्या तिप्पट. नळाला आधीच एक दिवसाआड पाणी येतं, तेव्हा हे पाणी कूपनलिकेतून किंवा टँकरनं येणार, आणि कूपनलिका त्याच डोंगरात खणली जाणार. सांडपाणी उताराच्या दिशेनं, म्हणजे आमच्या विहिरींकडे. डोंगराकडे जाणारी वाट तीन मीटरची, तिच्यावरून आगीचा बंब वळत नाही. हे सगळं आम्ही एकेका परिच्छेदात, आकडे आणि फोटोंसह लिहिलं.

ह्याच दिवसांत, १३ मार्चला, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचा निकाल आला. कलम १७ (२) खाली झोन बदलण्यासाठी केलेले नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं न्यायालयानं रद्द केली. गोवा फाउंडेशन, खाजन सोसायटी ऑफ गोवा आणि गोवा बचाव अभियान यांनी ती याचिका केली होती. गावात आनंद झाला, काहींनी तर आता पत्राची गरजच नाही असं धरून सह्या करायचं थांबवलं. वकीलबाईंनी लगेच फोन केला. तो निकाल १७ (२) चा, आमची नोटीस ३९अ ची. मुदतीचे दिवस तसेच चालू होते. पण निकाल मिळवून मी तो दोन रात्री वाचला, आणि एक धीर आला. आराखडा हा अभ्यास करून आणि लोकांना विचारून बनलेला दस्तऐवज आहे, तो एकेका तुकड्याच्या मागणीनं पोखरता येत नाही, हे आम्ही मंडपात बसून म्हणत होतो. तेच म्हणणं घेऊन लोक न्यायालयात उभे राहिले होते आणि त्यांचं ऐकलं गेलं होतं. आमच्या सूचनेत त्या निकालाचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात घातला.

सह्या गोळा करणं हा ह्या सगळ्यातला सगळ्यात अवघड भाग होता, आणि त्यावर थोडं जास्त लिहायला हवं. कारण विरोध करणारे नेहमी असं दाखवतात की अख्खं गाव एका बाजूला आहे. तसं नव्हतं. वाड्यावरचा एक मोटारसायकल पायलट, म्हणजे मोटारसायकलवरून भाड्यानं माणसं नेणारा, तीन भाऊ, बायका, मुलं, सगळे मुंडकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या जागेत राहणाऱ्या कुळाच्या, दोन खोल्यांत राहतात. त्यानं मला अंगणातच उभं केलं. "टीचर, तुमकां घर आसा. आमच्या भुरग्यांनी खंय रावप?" म्हणजे, तुम्हाला घर आहे, आमच्या मुलांनी कुठे राहायचं? त्याचं म्हणणं होतं, इमारती आल्या तर एखादी खोली तरी मिळेल, निदान राखणदाराचं काम तरी. त्याच्या प्रश्नाला पर्यावरणाचं उत्तर देणं मला शक्य नव्हतं आणि योग्यही वाटलं नाही. मी बसले. आम्ही दोघांनी रस्त्याकडच्या एका नव्या इमारतीतल्या सदनिकेची किंमत विचारलेली होती, ती दोघांनाही पाठ होती. त्याच्या आयुष्यभराच्या कमाईत ती बसत नाही. त्या इमारतीत संध्याकाळी किती खिडक्यांत दिवे लागतात, हेही तो रोज तिथून जातो म्हणून त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. २०११ च्या जनगणनेत गोव्यात सव्वा लाखाच्या आसपास घरं रिकामी मोजली गेली होती. घरं कमी आहेत म्हणून त्याला घर नाही असं नाही. बांधली जातात ती त्याच्यासाठी नसतात.

पण एवढ्यानं त्याचा प्रश्न सुटत नाही, आणि तो सोडून देऊन डोंगर वाचवणं मला पटत नव्हतं. आम्ही आराखड्याचा नकाशा परत काढला. गावात आधीच सेटलमेंट झोनमध्ये असलेली, सपाट, रस्त्याला लागून, पडून असलेली जमीन निघाली. आमच्या सूचनेत मग एक वेगळा मुद्दा आला: गावातल्या लोकांच्या घरांची गरज खरी आहे, त्यासाठी आधीच उपलब्ध असलेल्या सेटलमेंट जमिनीचा विचार व्हावा, डोंगराचा नको. पायलटनं सही केली. त्याच्या थोरल्या भावानं केली नाही. तो आजही माझ्याशी बोलतो, आणि आजही त्याचं मत तेच आहे.

ग्रामसभा रविवारी होती. एरवी गणसंख्येची पंचाईत असते, त्या दिवशी सभागृहाबाहेर पायरीवर लोक उभे होते. कुणी आरडाओरडा करू नये असं आधीच ठरलं होतं. मी उताराची मापं वाचली, एका वयस्क शेतकरीणबाईनं पाटाच्या पाळ्या सांगितल्या, पाणी नसलं तर कुठलं शेत आधी पडीक पडेल तेही सांगितलं. विरोधात बोलणाऱ्यांनाही बोलू दिलं. ठराव झाला. हा ठराव मंडळावर बंधनकारक नाही हे आम्हाला माहीत होतं. तरी तो हवाच होता, कारण पंचायतीच्या इतिवृत्तात झर पहिल्यांदा लिहिली गेली. ठरावाची प्रत घ्यायला मात्र पाठपुरावा करावा लागतो, तो करावा. प्रतीशिवाय ठराव जोडता येत नाही.

सूचना सगळ्यांनी एकाच कागदावर सह्या करून द्यावी की प्रत्येकानं वेगळी, ह्यावर बराच वाद झाला. आम्ही दोन्ही केलं. एक सविस्तर, सगळ्या जोडपत्रांसह. बाकीच्या वेगवेगळ्या, प्रत्येकाच्या शब्दांत, स्वतःच्या शेताचा किंवा विहिरीचा सर्वे नंबर घालून. छापील मजकूर झेरॉक्स करून वाटायचा मोह टाळला. काहींनी मराठीत लिहिलं, काहींनी रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीत, दोघा-तिघांनी इंग्रजीत. पणजीला पाटोवरच्या कार्यालयात मुदत संपायच्या दोन दिवस आधी गेलो. आवक विभागातल्या बाईंनी प्रत्येक पत्रावर शिक्का मारला, आमच्या प्रतींवरही, तारीख आणि आवक क्रमांक घालून. गठ्ठा मोठा होता, त्यांनी चहाची वेळ टाळून तो पुरा केला. त्या शिक्क्याच्या प्रती मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत आणि एक संच वकीलबाईंकडे.

पुढे पाऊस आला आणि गेला. अंतिम अधिसूचनांत आमचा सर्वे नंबर अजून आलेला नाही. प्रस्ताव फेटाळल्याचंही कुठे वाचनात आलेलं नाही. ऑक्टोबरात एका सकाळी डोंगराच्या पायथ्याशी जेसीबी दिसला. काजूची सहा झाडं आडवी करून वर जाणारा कच्चा रस्ता काढायला सुरुवात झाली होती. इथे मार्चमधलं काम उपयोगी पडलं. उताराची मापं आणि जुने फोटो तयार होते, कायद्याचं कलम १७अ माहीत होतं: मुख्य नगर नियोजकांच्या लेखी परवानगीशिवाय डोंगर कापता येत नाही. तासाभरात तक्रार गेली, आधीचा आणि आताचा फोटो शेजारीशेजारी जोडून. दुपारनंतर पाहणी झाली, काम थांबलं. कापलेला भाग तसाच आहे, लाल, आणि पुढच्या पावसाआधी तिथे दगडी बांध घालून माती अडवायला हवी. ते कुणी करायचं ह्याचा पत्रव्यवहार चालू आहे.

राजपत्र गुरुवारी निघतं. आता वाड्यावरच्या चौघांनी आळीपाळीनं ते बघायचं ठरवलं आहे, सर्वे नंबरांची यादी प्रत्येकाकडे आहे. मागच्या आठवड्यात लगतच्या सर्वे नंबरची नोटीस आली. क्षेत्रफळ २२,००० चौरस मीटर, ऑर्चर्डचं सेटलमेंट. झरीचा उगम त्या हद्दीपासून जवळ आहे, नेमका किती ते रविवारी टेप लावून मोजायचं आहे. गवंडीकाकांनी नळी धुऊन ठेवली आहे. ह्या वेळी पायलटच्या थोरल्या भावालाही मापाच्या वेळी बोलावलं आहे. सही करायची की नाही ते त्यानं माप बघून ठरवावं.